वाट बघताना चढलेला गंज

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर किल्ली फिरवायची नाही, हे कोल्हापुरात आता शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ या दोन पुरांनी शिकवलेला हा धडा आहे. किल्ली फिरवायची नाही हे कळलं, पण मग करायचं काय? इथं दोन माणसं दोन उत्तरं देतात. मेकॅनिक म्हणतो, आजच्या आज ऑइल काढा, प्लग काढा, आतलं पाणी बाहेर काढा. विमा कंपनीचा फोनवरचा माणूस म्हणतो, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघेपर्यंत गाडीला हात लावू नका. दोघांचं ऐकणं शक्य नसतं. या दोन सूचनांच्या मधल्या दिवसांत इंजिनाच्या पोटात जो गंज चढतो, त्याचा खर्च शेवटी गाडीच्या मालकाच्या माथी येतो. तो मालकाच्या माथी मारणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि मी ते स्वतःच्या गाडीवरून सांगते.

जुलै २०२१. मी कामासाठी पुण्याला गेले होते, एसटीनं. गाडी शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीखाली लावलेली. चार वर्षांची पेट्रोल गाडी, कर्जाचे नऊ हप्ते शिल्लक. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली तेव्हा शेजारच्या काकूंचा फोन आला, गाडी हलवायची का म्हणून. किल्ली माझ्या पर्समध्ये, पुण्यात. दुसरी किल्ली घरात, आणि घर बंद. परत निघावं तर शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलेलं, वाहतूक बंद. त्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरून व्हीनस कॉर्नरकडून आमच्या गल्लीत शिरलं. काकूंनी वरच्या मजल्यावरून काढलेला फोटो मी पुण्यात बसून बघितला. गाडीचं फक्त छत दिसत होतं, आणि छतावर एक चप्पल.

पाणी ओसरल्यावर मी पोचले त्या दिवशी पार्किंगमध्ये घोट्याएवढा गाळ होता. पंचगंगेचा गाळ बोटांत धरला तर पिठासारखा मऊ लागतो, आणि म्हणूनच तो कुठंही शिरतो. दाराच्या रबरातून, डॅशबोर्डच्या जाळीतून, सीटच्या शिवणीतून. उद्यमनगरातले आमचे मेकॅनिक आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ''ताई, किल्ली फिरवलासा काय?'' नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. बॉनेट उघडून त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग ऑइलची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. पट्टीवर दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. ''पाणी आत गेलंय,'' ते म्हणाले, ''पण इंजिन फिरलेलं न्हाई. आज खोललं तर वाचतंय. आठवडा गेला तर माझ्या हातात न्हाई.''

मी कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं लागला. क्लेम नोंदवला, नंबर मिळाला आणि ती सूचनाही मिळाली: सर्व्हेअरच्या तपासणीआधी गाडी खोलली तर क्लेम अडचणीत येईल. मी मेकॅनिकना तसं सांगितलं. त्यांनी हातातला पाना परत पिशवीत ठेवला. ते वाद घालायला थांबले नाहीत, त्यांच्याकडं त्या दिवशी अजून अकरा गाड्या होत्या.

सर्व्हेअर नवव्या दिवशी आले.

त्यांच्यावर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते. त्या आठवड्यात फक्त कोल्हापूर बुडालं नव्हतं. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, महाड गेलं, मग सांगली आणि आम्ही. परवानाधारक सर्व्हेअर मोजके, आणि गाड्या हजारोंनी. आलेले गृहस्थ दोन रात्री झोपलेले दिसत नव्हते. काम मात्र त्यांनी नीट केलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावरची गाळाची रेघ बघितली, कारण गाडी वरून धुतली तरी गुंडाळीत असलेल्या पट्ट्यावरची रेघ खोटं बोलत नाही. पाणी डॅशबोर्डच्या वर गेल्याचं त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर गाडी टो होऊन वर्कशॉपला गेली, तिथं तिचा नंबर लागायला आणखी दिवस गेले, आणि इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसल्या होत्या. सीट, कार्पेट, वायरिंग, काही सेन्सर असा बराच खर्च घसारा, म्हणजे वापरानं उतरलेली किंमत, वजा करून मंजूर झाला. इंजिनाच्या आतल्या कामाचे ७२ हजार नामंजूर. कारण दिलं होतं: पाणी साचून राहिल्यामुळं कालांतरानं चढलेला गंज, म्हणजे परिणामी नुकसान, पॉलिसीत बसत नाही.

आता यातली यंत्राची बाजू आधी समजून घेऊ, कारण वादाचं मूळ तिथं आहे. इंजिनात पाणी गेल्यानं दोन वेगवेगळ्या प्रकारचं नुकसान होतं आणि विम्याच्या भाषेत दोन्ही एकाच टोपलीत टाकली जातात. पहिला प्रकार चालत्या किंवा चालू करू पाहिलेल्या गाडीचा. हवा ओढायच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पिस्टन वर येतो. हवा असती तर ती दबली असती, पाणी दबत नाही. पिस्टन अडतो, मागून फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, जोर येतच असतो, आणि दोघांच्या मध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे सगळं क्षणात घडतं. दुसरा प्रकार उभ्या गाडीचा. तिथं काही वाकत नाही, तुटत नाही. पाणी आणि गाळ नुसता आत बसून राहतो, आणि बिडाच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, गंज धरायला लागतो. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव आहे. ओल्या बिडाला रात्रीत तांबूस रंग येतो, हे शिरोलीच्या आणि उद्यमनगरच्या कुठल्याही कामगाराला विचारा. हा दुसरा प्रकार हळू घडतो, म्हणूनच तो थांबवता येतो. ऑइल काढायचं, प्लग काढायचे, पान्यानं इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर घालवायचं, प्लगच्या भोकांतून थोडं ताजं ऑइल सोडायचं. जाणत्या माणसाला अर्धा दिवस पुरतो. खर्च ऑइल, फिल्टर आणि मजुरी एवढाच. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं, तर पुढं इंजिन उतरवायची वेळ बहुतेकदा येत नाही.

म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचं भवितव्य पुरानं ठरत नाही, पाणी ओसरल्यानंतरचे दिवस ते ठरवतात. आणि ते दिवस मालकाच्या हातातून कंपनीनं काढून घेतलेले असतात.

मी हिशेब तपासायचं काम करते, बारीक टाइपातलं वाचायची सवय आहे. नामंजुरीचं पत्र आल्यावर मी पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली, जी तीन वर्षं मी फाइलला लावून ठेवत होते. आपल्याकडच्या मोटार पॉलिसींची शब्दरचना बहुतेक ठिकाणी अजून २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधली, म्हणजे वाहन विम्याच्या तेव्हाच्या सामायिक नियमावलीतली आहे. त्यात कशाकशापासून संरक्षण आहे त्या यादीत पूर आणि जलमय होणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वगळलेल्या गोष्टींत परिणामी नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक आणि विद्युत बिघाड येतात. आणि पुढं अटींमध्ये एक अट आहे, जिच्याकडं कुणी बोट दाखवत नाही. तिचा मथितार्थ असा: विमेदारानं गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत; अपघात किंवा बिघाड झाल्यावर पुढचं नुकसान टाळण्याची योग्य खबरदारी न घेता गाडी तशीच सोडू नये; आणि आवश्यक दुरुस्तीआधी गाडी चालवल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी विमेदाराची.

या अटीचं शेवटचं वाक्य कंपन्या अगदी चोख वापरतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलात, रॉड वाकला, तर तुमचं तुम्ही बघा. ठीक आहे, ते मला पटतंही. पण त्याच अटीचं आधीचं वाक्य मालकाला सांगतं की पुढचं नुकसान टाळायला हातपाय हलव. बुडालेल्या इंजिनाच्या बाबतीत पुढचं नुकसान टाळायचा एकच मार्ग आहे, आतलं पाणी काढणं. म्हणजे छापील करार सांगतो खबरदारी घे, आणि फोनवरचा माणूस सांगतो हात लावू नको. मी फोनवरच्या माणसाचं ऐकलं. कराराचं ऐकलं असतं तर कदाचित ''तपासणीआधी खोलाखोल केली'' म्हणून क्लेम अडला असता. दोन्हीकडून मालकच पडतो, असा हा पेच आहे, आणि तो नैसर्गिक आपत्तीनं घातलेला नाही, आपल्या कार्यपद्धतीनं घातलेला आहे.

विम्याच्या कायद्यात निकटच्या कारणाचं तत्त्व आहे. नुकसानीच्या साखळीत खरं, परिणामकारक कारण कोणतं ते शोधायचं आणि ते कारण पॉलिसीत असेल तर भरपाई द्यायची. पुराचं पाणी इंजिनात शिरलं, त्या पाण्यानं गंज धरला. या साखळीत तिसरं कुणी आलेलंच नाही. कुणी किल्ली फिरवली नाही, कुणी गाडी पाण्यात घातली नाही. मध्ये आली ती फक्त वाट बघण्याची मुदत, आणि ती कंपनीच्या सांगण्यावरून आली. करारातला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हेही न्यायालयांनी विम्याच्या बाबतीत मान्य केलेलं तत्त्व आहे. ''परिणामी नुकसान'' या दोन शब्दांइतके संदिग्ध शब्द त्या अख्ख्या कागदात दुसरे नाहीत. पुरानंतर सीटला बुरशी लागते, तीही काही दिवसांनीच लागते. सीटचे पैसे मिळतात. वायरिंगच्या कनेक्टरला हिरवट थर येतो, तोही हळूहळूच. त्याचेही मिळतात. मग लायनरवरचा गंजच तेवढा परिणामी कसा?

याच्या विरुद्ध बाजूनं जे म्हटलं जातं ते ऐकून न घेता पुढं जाणं बरोबर होणार नाही. पहिला आक्षेप फसवणुकीचा. आधीच खराब असलेलं इंजिन पुराच्या नावावर खपवणारे लोक आहेत. गाडी मुद्दाम पाण्यातून हाकणारेही आहेत. दर पावसाळ्यात पाणी आलेल्या रस्त्यावर बॅरिकेड बाजूला करून गाडी घालणारे आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि त्यांच्या धाडसाचा खर्च इतरांच्या हप्त्यातून निघावा असं मलाही वाटत नाही. म्हणून तर कंपनीला गाडी जशी आहे तशी बघायची असते. हे कारण खरं आहे. पण याला उत्तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पॉलिसीची मुदत संपून चार दिवस उलटले आणि नूतनीकरण करायला गेलात, तर हीच कंपनी सांगते, ॲप उघडा, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चेसिस नंबर दाखवा, पाठवा. त्या व्हिडिओवर विसंबून ती पुढच्या वर्षाची जोखीम घेते आणि हप्ता जमा करून घेते. पैसे घेताना जो व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो, तो पैसे देताना का चालू नये? ऑइलची पट्टी, एअर फिल्टरमधलं पाणी, सीटबेल्टवरची रेघ, निथळून काढलेलं ऑइल, हातानं फिरवल्यावर इंजिन सुटं आहे की अडकलंय, हे सगळं तारीख-वेळेसकट दाखवता येतं. उलट पहिल्या दिवशीचा असा व्हिडिओ हा नवव्या दिवशीच्या तपासणीपेक्षा जास्त भक्कम पुरावा आहे. त्यात उभी गाडी आणि हाकलेली गाडी यातला फरकही बऱ्याचदा दिसतो, कारण रॉड जास्त वाकला असेल तर इंजिन हातानं मोकळं फिरत नाही.

दुसरा आक्षेप असा की इंजिनासाठी वेगळं कव्हर मिळतं, ते घ्यायला कुणी अडवलं होतं? हे मला माझ्या एजंटनंही विचारलं. त्यानं ते कव्हर मला कधी सुचवलं नव्हतं, हा भाग सोडून देऊ. हप्ता थोडा कमी दाखवायचा म्हणून फोनवर नूतनीकरण करताना ते गाळलं जातं, आणि आपण फक्त आकडा ऐकून हो म्हणतो, यात माझीही चूक आहे. ज्यांची गाडी पूररेषेच्या आसपास उभी असते त्यांनी ते कव्हर घ्यावंच, असं मी आज ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. पण सार्वजनिक प्रश्न म्हणून बघितलं तर हे उत्तर अपुरं आहे. एक तर गाडी ठरावीक वर्षांपेक्षा जुनी झाली की बहुतेक कंपन्या ते कव्हर देतच नाहीत, आणि कोल्हापुरात रस्त्यावर धावणाऱ्या किती गाड्या पाच वर्षांच्या आतल्या आहेत, ते सिग्नलला उभं राहून मोजावं. दुसरं, पूर हा मूळ पॉलिसीत आधीच समाविष्ट आहे आणि त्याचा हप्ता आपण भरतो. इंजिन हा गाडीचा सुटा दागिना नाही. पुरापासून संरक्षण देतो म्हणायचं आणि पुरात सगळ्यात महाग जो भाग बुडतो तो वेगळा विकायचा, हे ग्राहकाला मराठीत, साध्या शब्दांत, सही करण्याआधी सांगितलं तर किती लोक ''पूर कव्हर आहे'' असं मानून घरी जातील?

तिसरा आक्षेप कोल्हापूरबाहेरचे लोक घेतात. दरवर्षी पाणी येतं हे माहीत असताना गाड्या हलवत का नाही? हलवतो. राजाराम बंधाऱ्याची पातळी इथं क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारली जाते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे मोबाइलवर येण्याआधी चहाच्या गाड्यावर कळतं. दुधाळी, सुतारवाडा, शुक्रवार पेठ, चिखली, आंबेवाडी इथले लोक ३९ फुटांनाच जनावरं आणि गाड्या बाहेर काढतात. त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. पण २०१९ ला पाणी अशा गल्ल्यांत आलं जिथं आधीच्या पिढीनं कधी बघितलं नव्हतं. आजारी माणूस घरात असतो, कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाकडं वर हलवायला जागा नसते. राजारामपुरीत आणि विद्यापीठाकडच्या माळावर ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांचं बरं, बाकीच्यांनी रस्त्याकडेला लावायची आणि वाहतूक पोलिसांची पावती घ्यायची. महापालिकेनं ३९ फूट झाल्याबरोबर उंचावरची मैदानं गाड्यांसाठी खुली करावीत आणि तिथं रखवाली ठेवावी. मागणी साधी आहे, खर्चही फार नाही. आणि निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत तळघरातलं पार्किंग मंजूर करताना त्या तळघराचं पावसाळ्यात काय होणार, हा प्रश्न नकाशावर सही करणाऱ्यानं स्वतःला विचारायला हवा. तो विषय मोठा आहे, इथं एवढंच.

माझे ७२ हजार गेले तरी माझं घर चाललं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबणाऱ्या रिक्षावाल्या मामांचं तसं नव्हतं. त्यांच्या रिक्षाचा फक्त थर्ड पार्टी विमा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा असतो तेवढाच. दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई तो विमा करतो; आपली रिक्षा बुडाली तर एक रुपया नाही. पुराच्या मदतीसाठी जे पंचनामे होतात त्यात घराची भिंत, भांडीकुंडी, जनावरं, पीक असतं. तलाठ्यांच्या त्या कागदावर रिक्षाला रकाना नाही. मामांनी गाडी स्वतः खोलली, दुसऱ्याच दिवशी, उघड्यावर, दोघा मित्रांना घेऊन. ऑइल तीन वेळा बदललं. आठवड्याच्या आत त्यांची रिक्षा स्टॅण्डला उभी होती. विमा नसलेल्या माणसाचं इंजिन वाचलं, विमा असलेल्या बाईचं गेलं, ही गोष्ट मी नंतर सर्व्हेअरना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा मामांची ती रिक्षा आहे. आणि रोजीरोटीच्या वाहनाला आपत्तीच्या मदतीत जागा मिळाली पाहिजे, ही वेगळी मागणी म्हणून इथंच नोंदवते.

विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाला हे सगळं कळत नाही असं नाही. मोठी आपत्ती आली की क्लेम लवकर निकालात काढा, नोडल अधिकारी नेमा, अशा सूचना कंपन्यांना जातात. माझ्या वेळी, म्हणजे २०१७ च्या नियमांनुसार, सर्व्हेअर नेमायला ७२ तासांची मुदत होती. २०२४ च्या परिपत्रकानं ती २४ तासांवर आणली. चांगलं पाऊल आहे. पण ही मुदत नेमणुकीची आहे. सर्व्हेअर गाडीजवळ येऊन उभा राहण्याची नाही. पूर ओसरलेल्या शहरात, चार जिल्हे एकदम बुडालेले असताना, नेमणूक संगणकावर होते आणि माणूस पोचायला आठवडा लागतो. मुदती कितीही कमी केल्या तरी माणसं तेवढीच राहणार. म्हणून नियम मुदतीचा नको, परवानगीचा हवा. पूर जाहीर झालेल्या भागात, क्लेम नोंदवून व्हिडिओ पाठवला की मालकाला गाडीचा प्रथमोपचार करून घेता येईल, त्याचा वाजवी खर्च कंपनी देईल, आणि त्यामुळं क्लेम नाकारता येणार नाही. प्रथमोपचार म्हणजे काय, तर बॅटरी सोडवणं, ऑइल आणि पाणी काढणं, इंजिन हातानं फिरवून ताजं ऑइल सोडणं, आतला गाळ धुणं. आणि कंपनीनं थांबायला सांगितलं असेल, तर थांबण्याच्या काळात वाढलेलं नुकसान कंपनीचं. यात कंपन्यांचाही तोटा नाही. माझ्या मेकॅनिकनी पहिल्या दिवशी पाना फिरवला असता तर वादच उरला नसता, आणि ज्यांच्याकडं इंजिनाचं कव्हर होतं त्यांचे लाखाच्या घरातले क्लेमही काही हजारांत मिटले असते. माणूस दवाखान्यात आणला की आधी रक्त थांबवतात, कागद नंतर भरतात. गाडीचं मोल माणसाएवढं नाही, पण उपचाराचा क्रम तोच आहे.

तोपर्यंत आपण काय करायचं? मी केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. मी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. प्रत आली. पहिल्याच पानावर वर क्लेम नोंदवल्याची तारीख, तिच्याखाली तपासणीची तारीख, मध्ये नऊ दिवस. आणि शेवटच्या पानावर शेरा, की वेळीच उपाययोजना न झाल्यानं गंज वाढला. त्या दोन पानांवर मी पेन्सिलनं खूण केली, माझ्या फोनमधली कॉलची नोंद जोडली, मेकॅनिकचं साध्या कागदावरचं निवेदन जोडलं, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. महिनाभरात समाधान झालं नाही, तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालांकडं गेले. तिथं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तिथं सुनावणीआधीच कंपनी तडजोडीला आली आणि निम्मे पैसे मिळाले. मी ते घेतले, कारण हप्ते चालू होते आणि दमले होते. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ज्यांच्यात दम आहे त्यांनी तडजोड न करता तिथं जावं, असं मला मनापासून वाटतं. ''वाट बघताना चढलेला गंज कुणाचा'' या प्रश्नावर असे निकाल साठत गेले, तर फोनवरची ती सूचना बदलावी लागेल.

आणि फोनवरच ''हात लावू नका'' असं सांगितलं, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. विचारा, हे मला लेखी पाठवाल का? मेसेज असो, ईमेल असो. नाही म्हणाले तर आपणच ईमेल करा: अमुक वेळी पाणी ओसरलं, इंजिनात पाणी आहे, आणखी नुकसान टाळण्यासाठी उद्या सकाळी दहा वाजता ऑइल आणि पाणी काढून घेत आहे, व्हिडिओ जोडला आहे, हरकत असल्यास त्याआधी कळवावं. काढलेलं ऑइल डबा भरून ठेवा, जुने प्लग आणि फिल्टर पिशवीत बांधून ठेवा. सर्व्हेअर आले की दाखवा. आमचे मेकॅनिक २०२१ पासून हे सगळ्यांना करायला लावतात. त्यांच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर पाच लिटरचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं लिहायला जागा सोडलेली: गाडी नंबर, तारीख, वेळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते डबे धुऊन ठेवतात.